दोन बोटांचा दाब

थोरलीनं दगडी काठावरून तलावात उडी मारली आणि पाण्याला पाय लागताच तिच्या ड्रेसमध्ये हवा शिरली. निळं कापड टम्म फुगलं. बाकीची पोरं उडी मारली की गडप व्हायची. थोरली बुडालीच नाही. फुगलेल्या कापडाच्या मधोमध तिचं डोकं तेवढं वर, एका हातानं खांद्याची पट्टी घट्ट धरलेली आणि दुसऱ्या हातानं पाणी मारणं चाललेलं.

"आई, ताईचा फुगा झाला!" धाकटी ओरडली. धाकटीला घरात सगळे शेपूट म्हणत, कारण जिथे आई तिथे ती, आणि एक पावलाहून जास्त अंतर कधी नाही.

काठावरच्या बायका हसल्या. मधला तर गवतावर लोळूनच हसला. झाडाखाली तोंडावर टॉवेल टाकून झोपलेल्या बाबांनी टॉवेलाचं एक टोक उचललं आणि तलावाकडे पाहिलं.

"आपलीच का गं ती?"

"आपलीच."

"मग ठीक आहे," म्हणून त्यांनी टॉवेल परत तोंडावर ओढला. बाबा बेकरीत कामाला होते. जग उठायच्या आत त्यांची भट्टी पेटायची, त्यामुळे सहलीला ते यायचे खरे, पण बरेचसे झोपेतच यायचे.

"मापात चुकलं वाटतं," शेजारी बसलेली एक बाई ड्रेसकडे बघत म्हणाली.

"चुकलेलं नाही," आई म्हणाली. "वाढत्या अंगाचा शिवलाय. पुढच्या वर्षी बघा कसा बसतो ते."

आईला माप चुकलं म्हणणं म्हणजे बाबांना पाव कच्चा राहिला म्हणण्यासारखं होतं. ती टेलर होती. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीला लागून तिचं मशीन होतं, आणि आसपासच्या शाळांतल्या निम्म्या पोरांचे गणवेश त्या मशीनखालून जायचे. तिच्या कामाची ख्याती होती ती दाबासाठी. सदऱ्याच्या बाहीला, स्कर्टच्या घेराला, कुशीच्या शिवणीला ती आतून दोन बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवायची. पोर वाढलं की आईबाप गणवेश घेऊन यायचे, ती टीप उसवायची, दाब सोडायची, आणि कपडा आणखी एक वर्ष चालायचा. "टेलरबाईंचा गणवेश पोराबरोबर वाढतो," असं लोक म्हणत. ते ऐकलं की ती मान खाली घालून बॉबिन भरायला घ्यायची, पण ऐकायचं मात्र चुकवायची नाही.

घरच्या पोरांच्या कपड्यांना तर दोन बोटांवर आणखी थोडा. थोरली म्हणायची, "आपल्या घरातले कपडे अंगाला बरोबर बसायला लागतात ना, तेव्हा ते विरलेले असतात."

पोहायचे ड्रेसही तिनं तसेच शिवले होते. एका शाळेच्या खेळाच्या कपड्यांतलं ताणलं जाणारं निळं कापड उरलं होतं. त्यात तिघांचे तीन झाले. मधल्यानं आपली चड्डी नाडीनं आवळून भागवलं. शेपूट गुडघाभर पाण्याच्या पुढे जायची नाही, त्यामुळे तिचा प्रश्न नव्हता. राहिली थोरली.

त्या उन्हाळ्यातलं पोहणं असं फुग्यानं सुरू झालं.

एरवी उन्हाळा या घरात येऊन गेलेला कळायचा नाही. शाळा सुटल्या की गणवेशांचं काम सुरू व्हायचं ते शाळा भरेपर्यंत. पुढच्या खोलीत कापडाचे ढीग, मधल्या खोलीत शिवून झालेल्यांचे ढीग, आणि पोरं त्या ढिगांमधल्या वाटांनी फिरायची. पोरांची सुट्टी आणि आईचा हंगाम दरवर्षी एकाच दिवशी सुरू होऊन एकाच दिवशी संपायचे. पण या वर्षी थोरलीला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या शाळेत प्रवेश मिळाला होता. परीक्षा देऊन, स्वतःच्या हिमतीवर. पुढच्या सत्रापासून ती तिथल्या वसतिगृहात राहणार होती. बाबांनी ही बातमी बेकरीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पावाबरोबर बांधून दिली. आईनं कुणालाच सांगितली नाही. तिला बोलायचं नसलं की ती तोंडात टाचण्या धरायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई कामात आहेत. घरच्यांना बरोबर कळायचं.

त्या बातमीनंतर आठवडाभर तिच्या तोंडात टाचण्या होत्या. मग बाबांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी तिनं अर्धवट शिवलेला सदरा तसाच मशीनवर सोडला, त्यावर कव्हर टाकलं आणि म्हणाली, "चला, कुठेतरी जाऊ."

"कुठे?" मधल्यानं विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. मला काय माहीत लोक कुठे जातात!"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरलीनं हळूच आईच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाहीये मला," आई म्हणाली. "पाण्याच्या बाटल्या भर."

तेव्हापासून दर सुट्टीला मशीनवर कव्हर पडायचं. बाकीचे दिवस आई मान मोडून काम करायची, पण त्या दिवशी निघायच्या आधी दारात कुणी आलं तर शेपूट खिडकीतून सांगायची, "आज मशीन झोपलंय."

आईनं आपल्याच गावाजवळच्या गोष्टी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा पाहिल्या. टॉवरच्या टेकडीवर गेले तेव्हा वरून आपलं घर शोधण्यात सगळ्यांचा वेळ गेला. आईला लांबचं नीट दिसायचं नाही; आयुष्य सुईच्या टोकाकडे बघण्यात गेलेलं. पोरं बोट दाखवायची, "ते बघ, ते हिरवं छप्पर, त्याच्या बाजूला!" आणि ती "हो, हो, दिसलं" म्हणायची. शेवटी थोरली तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "काही दिसत नाहीये ना तुला?" "नाही," आई म्हणाली. "पण कुठे आहे ते मला माहितीये." दोघी बराच वेळ हसत होत्या. कशाला हसतायत ते बाकीच्यांना कळलं नाही.

बागेत भाड्याच्या सायकली मिळायच्या. तिथे मधला सायकल शिकला. शिकला म्हणजे चालवायला शिकला, थांबायला नाही. बाबांनी मागून धरलेला हात सोडला आणि तो सरळ निघालाच. कारंज्याला फेरी मारून आला, त्यांच्यासमोरून गेला, परत आला, परत गेला. प्रत्येक वेळी समोरून जाताना तो एकच ओरडायचा, "उतरायचं कसं?"

"ब्रेक दाब!" आई ओरडली.

"मग पडेन!"

"मग फिरत राहा!" बाबा म्हणाले. "भूक लागली की येशीलच खाली!"

शेवटी बाबाच आडवे आले आणि पोरगं सायकलसकट त्यांच्या पोटावर येऊन थांबलं. घरी येताना मधला लंगडत होता, बाबा पोट धरून होते, आणि आई दोघांच्या मागून चालताना रस्त्यातल्या ओळखीच्या बाईला म्हणाली, "सायकल शिकला तो. एका दिवसात." कुणी विचारलेलं नसताना आई आपल्या पोराबद्दल काही बोलल्याची ती पहिलीच वेळ असावी. ती स्वतःच दचकली आणि भराभर पुढे निघाली.

शेपटीचा दात संग्रहालयात पडला, हत्तीच्या सांगाड्यापाशी. किती दिवस हलत होता, जिभेनं ढकलून ढकलून तिनं त्याला दमवलं होतं. तोंड वासून सांगाड्याकडे बघता बघता तो टपकन फरशीवर पडला आणि घरंगळत दोरीच्या पलीकडे, हत्तीच्या पायांशी गेला. तिनं असा टाहो फोडला की रखवालदार धावत आला. मिशीवाला, गंभीर माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दोरी ओलांडली, गुडघ्यांवर बसून दात शोधला आणि रुमालानं पुसून तिच्या हातावर ठेवला.

"हे एवढं जुनं जनावर," तो म्हणाला, "त्याचा आजवर एक दात पडला नाही. आणि तू आल्या आल्या पाडलास!"

शेपूट रडता रडता हसली. त्या खिंडारातून तिचं हसणं आईला इतकं नवं वाटलं की तिनं तिची हनुवटी धरून पुन्हा पुन्हा तोंड उघडायला लावलं.

पण बहुतेक सुट्ट्या तलावावरच गेल्या, थोरलीमुळे.

तलावावर शिट्टीकाका होते. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, उन्हानं रापलेले, गळ्यात कायम शिट्टी. सकाळच्या वेळी ते पोरांना पोहायला शिकवत. बोलत कमी, शिट्टी जास्त वाजवत. एक आखूड म्हणजे चांगलं, एक लांब म्हणजे मूर्खा, परत कर. थोरली रोज सकाळी त्यांच्याकडे जायला लागली. पहिल्या दिवसांत लांब शिट्ट्या फार. मग हळूहळू आखूड. सुट्टीच्या दिवशी सगळे जायचे तेव्हा आई काठावर टॉवेल आणि चपला सांभाळत बसायची आणि शिट्ट्या ऐकायची. लांबचं दिसत नव्हतं, पण ऐकू नीट येत होतं. आखूड शिट्टी झाली की ती उगाच मांडीवरचा टॉवेल झटकून परत घडी घालायची.

तलावाच्या पलीकडच्या काठावर एक जुनं पंपघर होतं, लाल पत्र्याच्या दाराचं. शिट्टीकाकांच्या पोरांचा एक रिवाज होता. जो पोरगा किंवा पोरगी पहिल्यांदा तलाव पार करेल, त्यानं पलीकडे निघून त्या पत्र्याच्या दारावर हाताचा पंजा मारायचा. तो आवाज पाण्यावरून अलीकडच्या काठापर्यंत यायचा. मग तलाव पार झाला. नाहीतर, कितीही सांगा, झाला नाही.

उन्हाळा सरत आला तेव्हा थोरली जेवताना म्हणाली, "मी जायच्या आधी दार वाजवणार."

आई ताटातला घास कालवत राहिली. जायच्या आधी, हे शब्द घरात पहिल्यांदा असे सरळ उच्चारले गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मशीन सोडून थोरलीबरोबर तलावावर गेली. शिट्टीकाकांनी तिला बाजूला घेतलं. शिट्टी गळ्यात मागे सारली, म्हणजे आता खरंच बोलायचं होतं.

"बाई, राग मानू नका. पोरीत दम आहे. मी पाहिलेल्या पोरांत हिच्यासारखा हात फार थोड्यांचा. पण ती एकटी पोहत नाही."

"म्हणजे?"

"अर्धा तलाव बरोबर घेऊन पोहते. त्या ड्रेसात पाणी भरतं. पट्टी घसरते, ती सावरायला हात थांबतो. थोड्या अंतराला चालतंय. पार जायचं तर नाही चालणार."

आईचे कान लाल झाले. एवढी वर्षं तिच्या शिवणीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. ती घरी आली, गणवेशांचा ढीग बाजूला सारला आणि ड्रेस आत घ्यायला बसली. कापायला मात्र तिचा हात होईना. कात्री एकदा कापडाला लागली की संपलं. मग ते कापड पोरीबरोबर वाढणार नव्हतं. म्हणून तिनं सगळं जास्तीचं कापड कुशीत आणि काखेखाली आत दुमडलं, घडीवर घडी, आणि वरून बारीक टीप मारली. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसलं नसतं. पुढच्या वर्षी टीप उसवली की झालं. स्वतःच्या हुशारीवर ती खूश झाली.

थोरलीनं घालून पाहिलं. "बसला," म्हणाली.

त्यानंतर आखूड शिट्ट्या वाढल्या, असं मधल्यानं येऊन सांगितलं. आईला समाधान वाटलं. मग एका दुपारी थोरली दोरीवर कपडे वाळत घालत होती आणि आई खिडकीतून सहज बघत होती. थोरली हात पूर्ण वर नेत नव्हती. कोपर अंगापासून लांब धरून, टाचा उंचावून, कशीबशी चिमटे लावत होती.

"इकडे ये," आईनं हाक मारली. "हात वर कर."

"काही नाहीये."

"वर कर म्हणते ना!"

काखेखाली, जिथे कापडाच्या घड्या बसत होत्या, तिथे दोन्ही बाजूंनी कातडी सोलवटली होती. लालभडक पट्टा, शिवणीच्या बरोबर रेषेत. आईनं स्वतः आखल्यासारखा.

"कधीपासून?"

"झाले काही दिवस. मलम लावते ना मी."

"बोलायला काय झालं होतं?"

"तू परत उसवत बसली असतीस. एवढे गणवेश पडलेत." थोरली हात खाली घेत म्हणाली, "आणि तुला वाटलं असतं, तुझं चुकलं."

आईचा हात सवयीनं टाचण्यांच्या डबीकडे गेला. तिनं डबी उघडली, पाहिली आणि बंद केली.

"उभी राहा नीट. माप घेऊ दे."

माप ती दरवर्षीच घ्यायची. पण घेता घेताच मनात दोन बोटं मिळवायची, त्यामुळे टेपवर आलेला आकडा तिच्यासाठी कधी पोरीचा नसायचाच. तो पुढच्या वर्षीच्या पोरीचा असायचा. आज तिनं टेप अंगाला लावून धरला आणि काहीच मिळवलं नाही. खांदे मोजले. आकडा बघून तिला वाटलं टेप मुडपलाय. तिनं तो सरळ केला आणि पुन्हा मोजले. तेच आले. रोज पाणी कापून कापून पोरीची पाठ रुंद झाली होती. उंची घ्यायला ती खांद्यापासून टेप सोडू लागली तेव्हा तिला हात वर करावा लागला.

"काय झालं?" थोरलीनं विचारलं.

"काही नाही. हलू नकोस."

मग आईनं ड्रेस घेतला, टिपा उसवल्या, घड्या मोकळ्या केल्या, कापडावर खडूची रेघ मारली आणि कात्री उचलली. शेपूट टेबलाला हनुवटी लावून बघत होती. मधलाही येऊन उभा राहिला. या घरात आईनं पोरांच्या कपड्यातला दाब कापून टाकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. कात्री कापडातून एका दमात गेली. निळी लांब पट्टी खाली पडायच्या आत शेपटीनं झेलली.

"मला हवी. केसांना."

"घे."

"आई," थोरली म्हणाली, "आता हा पुढच्या वर्षी होणार नाही."

"नको होऊ दे," आई म्हणाली. "परवा पार जाताना झाला म्हणजे झालं."

शिवणी तिनं चपट्या केल्या, कडा आतून मऊ गुंडाळल्या. कातडीला लागेल असं एक टोकही ठेवलं नाही. त्या दिवशी तीन गणवेश द्यायचे होते, ते राहिले. गिऱ्हाईक आलं तेव्हा शेपूट खिडकीत जाऊन म्हणाली, "मशीन जागं आहे, पण तुमच्यासाठी नाही."

तलाव पार करायच्या दिवशी बाबा चक्क जागे होते. बेकरीतून परस्पर आले होते, भुवयांवर मैदा तसाच. शिट्टीकाका छोट्या होडीत बसून थोरलीच्या बाजूनं वल्हवणार होते. थोरली काठावर उभी राहिली. ड्रेस अंगाला असा बसला होता, की तो वेगळा घातलाय असं वाटतच नव्हतं. पहिल्या दिवशी माप चुकलं म्हणालेली बाईही तिथे होती. तिनं थोरलीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि काही बोलली नाही. आईला तेवढं पुरलं.

या वेळी उडीचा आवाज झाला आणि थोरली गडप झाली. पाणी मिटलं. मग बरंच पुढे डोकं वर आलं आणि हात चालू लागले, दोन्ही हात.

काही वेळ आईला निळा ठिपका दिसत होता. मग तो पाण्यात मिसळला. होडीही धूसर झाली. उन्हानं सगळा तलाव पांढरा झाला होता.

"कुठे पोचली?" ती विचारायची.

"मधोमध तो तराफा तरंगतोय ना, त्याच्यापाशी," मधला सांगायचा. "पुढे गेली. मध्ये थांबली."

"का थांबली?"

"तरंगतेय. दम खातेय. निघाली परत."

शेपूट केसांतली निळी पट्टी सोडून काठावर उभी राहून हलवत होती. थोरलीला ती दिसणं शक्य नव्हतं, पण हे तिला कुणी सांगितलं नाही. बाबांनी टॉवेल हातात पिळून पिळून त्याची दोरी केली होती.

"आता?"

"आता मलाही नीट दिसत नाहीये," मधला म्हणाला.

मग बघण्यासारखं काही उरलं नाही. आई डोळे मिटून बसली. डोळ्यांचा तसाही उपयोग नव्हता. ती पाण्याचा चुबुकचुबुक आवाज, बायकांचं कुजबुजणं, लांबवर कुणाचं तरी कुत्रं, हे सगळं एकेक करून बाजूला सारत गेली, कापडाचे ढीग सारावेत तसं.

धाड्!

पत्र्याचा आवाज पाण्यावरून आला. थोडा उशिरा, थोडा दबका, पण तोच. मग परत धाड्! मग परत. रिवाज एकदाच वाजवायचा होता, पण थोरली वाजवतच सुटली होती. शिट्टीकाकांच्या आखूड शिट्ट्या त्यात मिसळल्या.

"कुणाची हो पोरगी?" मागून कुणीतरी नवख्यानं विचारलं.

"माझी!" आई उठून उभी राहिली. टॉवेल, चपला सगळं मांडीवरून खाली पडलं. "माझी थोरली ती. आणि अंगातला ड्रेस माझ्या हातचा आहे!"

बाबा तिच्याकडे बघतच राहिले.

"अगं, हळू," ते म्हणाले. "पलीकडे ऐकू जाईल."

"जाऊ दे ना!"

शाळा भरायच्या आदल्या आठवड्यात सगळे गणवेश देऊन झाले आणि पुढची खोली रिकामी झाली. मग आई थोरलीच्या नव्या शाळेचे कपडे शिवायला बसली. सगळ्या गावाचे झाल्यावर शेवटी घरचे. राखाडी स्कर्ट, पांढरे सदरे. त्या शाळेचं कापड तिच्या हाताला नवं होतं, जरा ताठ. तिनं थोरलीचं माप घेतलं आणि बरोबर त्या मापाचं शिवलं, एक दोरा इकडे नाही की तिकडे नाही. थोरलीनं घालून आरशात पाहिलं. तिला अंगाला बरोबर बसलेला नवाकोरा कपडा आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता. आई दाराशी टेकून उभी होती. पोरगी आता कुणाच्याही घरातली असावी, कुठल्याही शाळेत ताठ मानेनं जाईल, अशी दिसत होती.

दुपारी दोघी पेटी भरायला बसल्या. बाबा आत झोपले होते. थोरलीनं स्कर्ट घडी घालायला हातात घेतला आणि सवयीनं खालची कड उलटी करून पाहिली.

"यात दाब कुठाय?"

"नाही ठेवला."

"का?"

"आता आपल्या मापाचं घालायचं. तूच म्हणायचीस ना, कपडे बसायला लागतात तेव्हा विरलेले असतात."

"ते मी चेष्टेनं म्हणायचे."

"तू वाढलीस आता. बरोबर बसतो तोच कपडा चांगला दिसतो."

थोरलीनं स्कर्टची घडी घातली, पेटीत ठेवली. त्यावर एक सदरा ठेवला. मग सदरा बाजूला करून स्कर्ट परत बाहेर काढला.

"आखूड झाला की मग?"

"तिथे असेल की एखादा टेलर. त्याच्याकडे टाक. नाहीतर नवा शिवू."

"तिथल्या टेलरला तुझी टीप उसवता यायची नाही. फार बारीक असते."

"उसवायची तर असते गं ती, त्याला काय लागतं?"

थोरलीनं स्कर्ट आईच्या मांडीवर ठेवला, कड उलटी करून.

"दाब घाल तू. सुट्टीला आले की तूच सोड."

आईनं स्कर्टकडे पाहिलं. दुमडायला कापड नव्हतंच. ती उठली, मशीनखालचं चिंध्यांचं बोचकं सोडलं आणि जमिनीवर पसरलं. राखाडी तुकडे वेगळे काढले. एकही पुरेसा लांब नव्हता, पण जोड देऊन पट्टी झाली असती, आतल्या बाजूनं लावली तर बाहेरून कळणार नव्हती. तिनं तुकडे कडेला कड लावून मांडले. मग मशीनवरचं कव्हर काढलं आणि दोरा ओवायला घेतला. तो पहिल्यांदा गेला नाही. दुसऱ्यांदाही नाही.

थोरलीनं तिच्या हातातून दोरा घेतला, टोक ओठांत धरून ओलं केलं आणि सुईत सरकवलं.

"किती ठेवू?" आईनं विचारलं. तोंडात टाचण्या नव्हत्या. "दोन बोटं?"

"मावेल तेवढा."

शेपूट दारातून डोकावली. केसांत निळी पट्टी होती, तोंडात नवा अर्धा दात.

"मशीन जागं आहे?" तिनं विचारलं.

"आहे," थोरली म्हणाली. "जा, खिडकीत बस. कुणी आलं तर सांग, घरचं काम चाललंय."